दरडीनंतर गावाची सार्वजनिक कामं पुन्हा उभी करताना: आधी पाणी, मग माती, सिमेंट शेवटी

दरड पडली की गाव सगळ्यात आधी जेसीबी मागवतं. साहजिक आहे. रस्ता बंद, पलीकडे माणसं अडकलेली, आजाऱ्याला न्यायचं कसं हा प्रश्न दारात उभा. पण तो जेसीबी पहिलं बकेट कुठे घालतो, यावर पुढच्या दोन दिवसांत आणखी काय खाली येणार ते ठरतं. ढिगाऱ्याचा पायथा उकरला की वर अडून राहिलेल्या मातीचा टेकू जातो आणि ती ड्रायव्हरसकट सगळ्यांच्या अंगावर येते.

मी कोकणातल्या रस्त्यांच्या आणि मोऱ्यांच्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या वाटांच्या, कामांवर बरीच वर्षं काढली. त्यातून एक गोष्ट पक्की समजली: दरडीनंतरची दुरुस्ती ही आधी पाण्याची दुरुस्ती असते. पाण्याला वाट करून दिली नाही, तर नवी भिंत, नवा रस्ता, नवी मोरी पुढच्या श्रावणापर्यंतही टिकत नाही. सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, नव्याने रुजू झालेले कनिष्ठ अभियंते आणि वाडीतली जाणती माणसं, यांना कामाच्या क्रमाने उपयोगी पडेल असं लिहायचा हा प्रयत्न आहे.

डोंगर का सुटतो

हे समजून घेतल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. सह्याद्री म्हणजे लाव्हाच्या एकावर एक आडव्या थरांचा डोंगर. दोन थरांच्या मधे बऱ्याच ठिकाणी तांबड्या चिकट मातीचा पातळ पट्टा असतो. वरचा काळा दगड भेगाळलेला, त्याच्यावर कुजलेल्या खडकाचा मुरूम आणि माती. पावसाचं पाणी भेगांतून झरझर खाली उतरतं, त्या तांबड्या पट्ट्यावर अडतं आणि आडवं पसरून उताराच्या बाजूने बाहेर पडू पाहतं. तिथून बाहेर पडायला जागा मिळाली की तो झरा होतो. जागा मिळाली नाही की आत दाब वाढत जातो, माती जड होते, तिची खालच्या दगडावरची पकड सुटते आणि अख्खा उतार निघतो.

२२ आणि २३ जुलै २०२१ च्या दरम्यान महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. एका हेक्टरवर हे पाणी ५९ लाख लिटरच्या घरात जातं, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ ६०० टँकर. त्याच पावसात महाड तालुक्यातलं तळीये गेलं, खेडमधलं पोसरे, पाटणमधली आंबेघर आणि मिरगाव गेली, आणि चिपळूण पाण्याखाली बुडालं. त्याआधी जुलै २००५ मध्ये महाडमधली दासगाव, जुई, कोंडिवते. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी. प्रत्येक ठिकाणचा उतार वेगळा, माती वेगळी. जोराचा, सलग पाऊस मात्र सगळीकडे होता.

पहिले दोन दिवस: हात लावण्याआधी बघा

बचावकार्य चालू असेल तर तिथे प्रशासनाचं आणि बचाव पथकांचं ऐकायचं. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. बचावाचं काम आटोपलं, किंवा सुदैवाने माणसं सुखरूप असली आणि फक्त रस्ता-मोरी गेली असली, की पाहणी सुरू करायची. तीही खालून नाही, वरून.

दोन जाणती माणसं, शक्यतो गुरं राखणारी किंवा त्या डोंगरावर रोज जाणारी, सुरक्षित बाजूने फिरून दरडीच्या माथ्यावर जातील. पाऊस थांबलेला असताना आणि दिवसाउजेडीच. त्यांनी बघायचं ते असं. माथ्याच्या मागे जमिनीला नवीन भेग पडली आहे का, ती किती लांब आहे आणि एक कड दुसरीपेक्षा खाली बसली आहे का. झाडं, विजेचे खांब, गडगे एकाच दिशेला कलले आहेत का. नेहमीचा झरा अचानक गढूळ झाला आहे का, किंवा नवीन जागी पाणी फुटलं आहे का.

एका खुणेकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. पाऊस चालू आहे आणि पऱ्याचं, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याचं, पाणी एकाएकी कमी झालं, तर ते चांगलं लक्षण मुळीच नाही. वर घळीत दरडीचा बांध पडून पाणी तुंबलेलं असू शकतं आणि तो बांध फुटला की दगड, झाडं, चिखल सगळं एकदम खाली येतं. असं दिसलं तर पऱ्याकाठच्या घरांतली माणसं त्याच क्षणी हलवा, कारण शोधत बसू नका.

भेग सापडली तर तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी किंवा पक्क्या लाकडी खुंट्या ठोका आणि खुंट्यांमधलं अंतर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. तीन-चार ठिकाणी अशा जोड्या हव्यात. अंतर वाढत असेल, विशेषतः रोजची वाढ आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल, तर खाली कुठलंही काम करू नका. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून चिकणमाती ठासून वर ताडपत्री टाका, तिच्या कडा दगडांनी दाबा. भेगेच्या वरच्या अंगाला, थोडं अंतर सोडून, पाणी बाजूच्या पक्क्या ओहोळात नेणारा उथळ चर काढा. त्यात प्लास्टिक अंथरा, नाहीतर तो चरच पाणी जिरवील.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण चांगल्या हेतूने ही चूक होते. पाणी जिरवण्यासाठी काढतात तसले सलग समतल चर दरडप्रवण उतारावर, वस्तीच्या किंवा रस्त्याच्या वर, काढू नका. दुष्काळी भागात ते जीवनदायी आहेत. इथे मात्र पाणी जिरवायचं नसतं, ते लवकरात लवकर उतारावरून उतरवायचं असतं.

पावसाचा अंदाज ठेवायला महागडं यंत्र लागत नाही. सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवून पट्टीने मोजलं तरी पुरतं. महसूल खात्याच्या हिशोबात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी. हवामान खातं २०४ मिलिमीटरच्या वरच्या पावसाला अत्यंत जोरदार म्हणतं. कोकणात ६५ चा आकडा वरचेवर गाठला जातो, त्यामुळे आपल्या गावासाठी किती पावसाला कामं थांबवायची ते आधीच ठरवून ठेवा. सलग तीन दिवस पडलेला पाऊस एका दिवसाच्या पावसापेक्षा घातक असतो, कारण माती आधीच भिजलेली असते.

आधी फोटो, मग फावडं

जीव धोक्यात असेल तर फोटो थांबू शकतात. पण तसं नसेल तर राडारोडा हलवण्याआधीची दहा मिनिटं फार मोलाची आहेत. एका वाडीत गावकऱ्यांनी दोन दिवस राबून रस्ता मोकळा केला, मोरीतला गाळ काढला, वाहून गेलेल्या बाजूपट्टीत मुरूम भरला. आठवड्याने पाहणीला माणसं आली तेव्हा दाखवायला काही उरलं नव्हतं. नुकसान झाल्याचा पुरावाच नाही, तर मोजमाप पुस्तिकेत काय लिहिणार?

प्रत्येक ठिकाणाचे तीन फोटो काढा: लांबून, जवळून आणि मापासाठी काठी किंवा माणूस उभा करून. फोनमध्ये तारीख आणि ठिकाण उमटणारं कॅमेरा ॲप असेल तर उत्तम. रस्त्याच्या बाबतीत किलोमीटर दगडापासूनचं अंतर लिहा, कारण खात्याच्या कागदांत सगळं साखळी क्रमांकाने, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतराने, चालतं. तुटलेल्या भागाची लांबी, रुंदी, खोली टेपने मोजा. भिंतीवर, झाडावर, देवळाच्या पायरीवर पुराच्या पाण्याची खूण असेल तर ती रंगाने पक्की करून ठेवा. नवी मोरी किती मोठी हवी ते ठरवताना ही खूण सगळ्यात जास्त कामाला येते.

मग कुणाचं काय ते ठरवा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. ग्रामसडक योजनेतून झालेला रस्ता असेल तर आधी त्याचा फलक वाचा: अशा कामात पहिली पाच वर्षं देखभाल मूळ ठेकेदाराकडेच असते. नळपाणी योजना ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची की जीवन प्राधिकरणाची ते तपासा. खांब, तारा, डीपी महावितरणकडे. चुकीच्या दारात गेलेला अर्ज तीन-तीन महिने फिरत राहतो.

संयुक्त पाहणीचा आग्रह धरा. शाखा अभियंता, ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच एकाच दिवशी एकत्र फिरले आणि एकाच कागदावर सह्या झाल्या की पुढचा वाद मिटतो. घरांचा आणि शेतीचा पंचनामा वेगळा, सार्वजनिक मालमत्तेची यादी वेगळी. बऱ्याच गावांत पहिलं होतं आणि दुसरं राहून जातं.

पैशाबद्दल एवढं लक्षात ठेवा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. रस्ते, पूल, पाणीयोजना, शाळा यांची तातडीची, तात्पुरती पुनर्स्थापना एवढंच त्यातून अपेक्षित आहे. मोठी नवी संरक्षक भिंत त्यात बसवायला गेलात तर अख्खं अंदाजपत्रक परत येतं आणि तातडीचं कामही रखडतं. म्हणून प्रत्येक जागेची दोन अंदाजपत्रकं करून घ्या: एक आत्ता रस्ता चालू करण्याचं, दुसरं दिवाळीनंतरच्या कायमच्या कामाचं. दुसऱ्यासाठी जिल्हा वार्षिक योजना किंवा आपत्ती सौम्यीकरण निधी यांकडे प्रस्ताव जातो. बचाव आणि मदतीसाठी लागणारी तातडीची खरेदी आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५० प्रमाणे प्राधिकरणाच्या मान्यतेने निविदेशिवाय होऊ शकते. ती सवलत पक्क्या बांधकामाला लावायची नाही.

रस्ता मोकळा करणं

सुरुवातीला एकच पदर मोकळा करायचा, रुग्णवाहिका आणि टँकर जाईल एवढा. संपूर्ण रुंदी मोकळी करण्याच्या हट्टात डोंगराकडचा टेकू काढला जातो. मशीन काम करत असताना एक माणूस फक्त वर बघत उभा हवा, हातात शिट्टी घेऊन. शिट्टी वाजली की ड्रायव्हरने मशीन सोडून पळायचं, हे आधीच ठरलेलं असावं. रात्री काम नाही. जोराचा पाऊस लागला की काम नाही. ढिगारा मोठा असेल तर वरून खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायचा, आणि ते लांब हाताच्या पोकलेनचं काम आहे, जेसीबीचं नव्हे.

काढलेली माती कुठे टाकायची? सोपं उत्तर म्हणजे दरीत, आणि सगळे तेच करतात. ती माती खालच्या ओहोळात जाते, ओहोळातून नदीत, आणि नदीचं पात्र उथळ होत जातं. २०२१ च्या पुरानंतर चिपळूणला वाशिष्ठी आणि शिव नद्यांतला गाळ उपसण्याची मोहीम घ्यावी लागली. तुमच्या गावची दरीत लोटलेली दरड खालच्या गावाचा पूर वाढवते. सपाट, पाण्यापासून लांबची जागा शोधा, तिथे पसरून टाका. दगड मात्र वेगळे काढून एका बाजूला रचून ठेवा. पुढे जाळीच्या भिंतीला तेच लागणार आहेत आणि तेवढा वाहतुकीचा खर्च वाचेल.

दरीकडच्या बाजूला डांबरावर धनुष्याच्या आकाराची लांब भेग दिसली तर ती डांबराची भेग नाही, खालचा भराव सरकतो आहे. त्यात खडी-डांबर भरून वरून गाडी फिरवणं म्हणजे जखमेवर चादर घालणं. भेग पाणी जाणार नाही अशी बंद करा, त्या बाजूला दगड आणि पिंपं लावून वाहतूक डोंगराच्या बाजूने एकेरी करा, डंपर आणि एसटीची जड वाहतूक बंद करवा. मग डोंगराकडच्या गटारात जाऊन बघा. दहापैकी आठ वेळा गटार तुंबलेलं किंवा फुटलेलं सापडतं आणि त्याचंच पाणी रस्त्याखालून दरीकडे चाललेलं असतं.

खचलेला भाग परत भरताना मुरमाचे डंपर नुसते ओतू नका. आधी सैल माती काढून पक्क्या जमिनीपर्यंत जा. जुन्या उतारात पायऱ्या कापा, म्हणजे नवा भराव जुन्यावर घसरणार नाही, त्यात अडकून बसेल. मग साधारण २०० मिलिमीटरचे थर, प्रत्येक थरावर रोलर. तळाला दगडाचा थर ठेवा म्हणजे झिरपलेलं पाणी बाहेर पडेल. दरडीची तांबडी चिकट माती भरावात वापरू नका, ती पाणी धरून ठेवते आणि फुगते.

मोरी आणि साकव

माझ्या मते कोकणातल्या निम्म्या रस्त्यांचं नुकसान मोरीपासून सुरू होतं. ६०० मिलिमीटर व्यासाचा ह्यूम पाईप, म्हणजे काँक्रीटचा गोल पाईप, कागदावर पाण्याला पुरतो. पण पुरात नुसतं पाणी येत नाही, झाडाचे ओंडके, गवताचे भारे आणि दगडही येतात. पाईप तुंबतो, पाणी रस्त्यावर चढतं आणि उताराच्या बाजूने रस्ता खणत नेतं. झाडोरा असलेल्या ओहोळावर निदान १००० किंवा १२०० मिलिमीटरचा एकच मोठा पाईप घ्या, दोन लहान पाईप शेजारीशेजारी टाकू नका. मधल्या भिंतीवरच ओंडका अडतो. जमत असेल तर स्लॅबची मोरी सगळ्यात बरी, कारण ती माणसाला आत वाकून साफ करता येते.

पुरानंतर मोरी वरून शाबूत दिसली तरी खाली उतरून तोंड बघा. पाणी जिथून बाहेर पडतं तिथे खड्डा पडला आहे का? पाया उघडा पडला आहे का? तिथे दगडांचं किंवा काँक्रीटचं फरसबंद आणि त्याच्या टोकाला जमिनीत उतरलेली आडवी भिंत असली तरच मोरी टिकते. हा खर्च वाचवण्याच्या नादात दर दोन वर्षांनी मोरी बांधलेली गावं मी पाहिली आहेत.

पाणी ओसरल्यावर मोरीत साचलेला गाळ लगेच काढा, पुढचा पाऊस वाट बघत नाही. हे काम गावकऱ्यांना करता येतं, पण आत शिरताना दोघांनी मिळून, दोर बांधून. साप-विंचवाची भीती खरी असते.

साकवाच्या, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पायपुलाच्या, बाबतीत दोन्ही टोकांचे ओटे बघा. फळ्या आणि लोखंड बदलता येतं, पण ओट्याखालची माती धुपली असेल तर शाळेतली मुलं त्यावरून जाऊ देऊ नका, वळसा कितीही पडला तरी. मोठ्या पुलाचा निर्णय गावाने घ्यायचा नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि एसटीच्या दोन गाड्या त्याबरोबर वाहून गेल्या. पूल वरून उभा दिसतो, पण पुराच्या पाण्यात पायाखालची वाळू आणि माती निघून जाते आणि ते वरून कळत नाही. गावाने एवढं करावं: कठड्याची ओळ एका डोळ्याने सरळ रेषेत बघावी, ती वाकडी किंवा खचलेली दिसली, किंवा पुलाच्या तोंडाशी रस्ता बसला, तर दोन्ही बाजूंना आडवी झाडं टाकून वाहतूक थांबवावी आणि अभियंत्याला कळवावं. पाया तपासल्याशिवाय पूल उघडू नये, मग वर कितीही दबाव असो.

भिंत: आत पाणी साठलं की पडणारच

संरक्षक भिंत मातीला धरून ठेवते असं आपल्याला वाटतं. खरं तर बहुतेक वेळा भिंत पाडते ती माती नव्हे, भिंतीच्या मागे मातीत साठलेलं पाणी. म्हणून भिंतीचा जीव तिच्या भोकांत असतो, ज्यांना साइटवर वीप होल म्हणतात. १०० मिलिमीटरचा पाईप, आडवा आणि उभा साधारण दीड मीटरला एक, बाहेरच्या बाजूला किंचित उतरता. आणि भोकाच्या मागे माती नको. तिथे दगड-खडीचा निदान ६०० मिलिमीटरचा पडदा हवा, त्याच्या आणि मातीच्या मधे गाळणीचं कापड हवं. एका शाळेमागे नव्या भिंतीला बाहेरून छान ओळीने पाईप दिसत होते. दुसऱ्या पावसाळ्यात भिंत पोट काढून पडली. फोडून पाहिलं तर पाईप हातभरच होते, आरपार गेलेच नव्हते. सुदैवाने तो रविवार होता. तेव्हापासून मी प्रत्येक भिंतीच्या भोकात काठी घालून बघतो, आणि तुम्हीही बघा, बिल निघण्याआधी.

पाया मुरमात किंवा पक्क्या खडकात उतरलेला हवा. दरडीने आणलेल्या सैल मातीवर काँक्रीटची भिंत कधीही उभी राहत नाही. काँक्रीटला निदान १४ दिवस पाणी मारलं गेलं का, यावर गावानेच लक्ष ठेवायचं.

जमीन अजून थोडी हलत असेल, किंवा पाणी फार झिरपत असेल, तर काँक्रीटपेक्षा गॅबियन चांगली. म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्या, बहुतेक २ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर उंच, त्यात दगड भरलेले. ती थोडी वाकते पण तुटत नाही, आणि पाणी तिच्या अंगातूनच निघून जातं. पण तिच्यातही हात राखला जातो. जाळी दुहेरी पिळाची आणि जस्ताचा मुलामा असलेली हवी, समुद्राजवळ तर प्लास्टिकचा लेपही हवा. दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठे, साधारण १५० ते ३०० मिलिमीटरचे. ते ओतायचे नाहीत, हाताने रचायचे, गडगा रचतो तसे. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. पेट्या एकमेकींना तारेने शिवल्या आहेत का आणि मागे गाळणीचं कापड आहे का, हे दोन्ही बघा. जांभ्याचे मऊ तुकडे पेटीत भरू देऊ नका, ते झिजतात आणि पेटी बसते.

उतारावर वाळा लावण्याचा सल्ला हल्ली बरेच जण देतात. तो वरवरची धूप थांबवायला फार चांगला आहे, त्याची मुळं सरळ खोल जातात. पावसाच्या तोंडावर, उताराला आडव्या ओळींत, दाट लावा. पण चार-पाच मीटर खोलीवरून सरकणारा डोंगर वाळ्याने थांबत नाही. आणि कड्यावरचे सुटे खडक, त्यांना लागणारी जाळी किंवा खडकात ठोकायचे बोल्ट, हे तज्ज्ञांचं काम आहे.

पिण्याचं पाणी

रस्त्याइतकंच तातडीचं, पण याकडे चौथ्या-पाचव्या दिवशी लक्ष जातं, तोवर जुलाब सुरू झालेले असतात. पुराचं पाणी शिरलेली विहीर उपसून काढा, तळाचा गाळ काढा, कठड्याभोवतीच्या भेगा बुजवा. मग नवीन आलेल्या पाण्याचं शुद्धीकरण.

हिशोब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने आणि ०.७८५ ने गुणा. येईल तो आकडा हजार लिटरांत. समजा व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर: ४ × ४ × ३ × ०.७८५ म्हणजे सुमारे ३७.७, म्हणजे ३७,७०० लिटर. नेहमीच्या दिवसांत १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणून इथे साधारण १९० ग्रॅम. पुरानंतर जास्त लागतं. किती, ते ओटी चाचणीने, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरलं आहे का ते रंगावरून दाखवणाऱ्या चाचणीने, ठरवा: पावडर बादलीत कालवून, निवळ पाणी विहिरीत सोडून, अर्ध्या तासाने चाचणी करा. शेवटच्या नळाला निदान ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) क्लोरिन आलं पाहिजे. येत नसेल तर पुन्हा टाका. टीसीएलची पिशवी पावसाळी हवेत उघडी राहिली की तिचा जोर जातो, म्हणून बंद डब्यातली, ताजी पावडर जलसुरक्षकाकडे असू द्या. खात्री होईपर्यंत घराघरांत पाणी उकळूनच प्यायचं.

डोंगरातल्या झऱ्यावरून उताराने आलेली योजना असेल तर झरा जागेवर आहे का ते आधी बघा. दरडीनंतर झरे सरकतात. पाईप जोडून टाकी बांधून झाल्यावर पाणीच नाही असं कळणं फार वाईट. निदान एक महिना रोज बादलीने पाणी मोजा, मगच पक्क्या कामाला हात घाला. तोवर एचडीपीई (प्लास्टिकचा) पाईप जमिनीवरूनच टाकून तात्पुरतं चालवा.

वीज आणि इमारती

यावर थोडक्यात. तुटलेल्या तारेला मेलेली समजू नका. १९१२ वर किंवा वायरमनला कळवा आणि तोवर तिथे माणूस उभा करा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या बाजूने आत शिरलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत खांबांच्या रांगाच्या रांगा आडव्या झाल्या आणि काही गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. खांब पुन्हा उभे करताना ते दरडीच्या मऊ मातीत किंवा ओहोळाच्या काठावर जाणार नाहीत हे बघा, जागा बदलून मागा. नळयोजनेच्या पंपाची लाईन पहिल्यांदा जोडून घ्या.

शाळा किंवा अंगणवाडी डोंगर कापून बसवलेली असेल तर मागची भिंत आणि डोंगर यांच्यामधली मोकळी जागा साफ करून तिथे पक्कं गटार काढा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, बोट मावेल एवढी भेग दिसली तर वर्ग देवळात किंवा समाजमंदिरात भरवा.

कायमचं काम

कायमच्या कामाचं वेळापत्रक उलटीकडून मांडा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो, म्हणजे काम ३१ मेपर्यंत पूर्ण. म्हणजे जानेवारीत सुरुवात, डिसेंबरमध्ये कार्यारंभ आदेश, त्याआधी निविदा, त्याआधी तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता. म्हणून ऑक्टोबरमध्ये अंदाजपत्रक तयार हवं. मार्चअखेरीला निधी आला आणि मेमध्ये भराव टाकला, तर तो न दबलेला भराव पहिल्या पावसात खाली येतो.

त्याआधी एक मोठा प्रश्न विचारा: हे इथेच परत बांधायचं का? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा यांच्या पाहणीची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने जिल्हाधिकाऱ्यांकडे करा. अहवालात वाडी हलवायला सांगितली असेल तर तिथल्या रस्त्यावर आणि भिंतीवर पैसा घालू नका. आणि हलवायची झाली तर नव्या जागेचं पाणीही तितक्याच काळजीने बघा. माळीणचं पुनर्वसन आमडे इथे झालं, एप्रिल २०१७ मध्ये घरं दिली गेली आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात नव्या वसाहतीतले रस्ते आणि भराव खचले. एवढं सोसून आलेल्या माणसांनी त्या रात्री काय विचार केला असेल, हे मनातून जात नाही. नवी जागा सपाट करताना जुने ओहोळ बुजवले जातात. पाणी तरीही जुन्याच वाटेने येतं. आराखड्यावर आधी ओहोळ काढा, मग गटारं, मग रस्ते, घरं शेवटी.

ठेकेदाराचं शेवटचं बिल निघण्याआधी ग्रामपंचायतीने दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातला दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा काळ, किती आहे ते लेखी घ्यावं आणि फलकावर लिहून घ्यावं. तो काळ पावसाळ्यांत मोजा: दोन पावसाळे तरी त्यात आले पाहिजेत.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री, फावडं आणि फोन घेऊन ती सगळी कामं फिरून बघा. पाऊस थांबल्यावर नाही, पडत असताना, पण भिंतीच्या आणि उताराच्या अगदी खाली उभं न राहता. गटारातलं पाणी मोरीकडे जातं आहे की रस्ता ओलांडतं आहे, ते बघा. भिंतीची भोकं वाहत आहेत का ते बघा. भोकातून स्वच्छ पाणी येत असेल तर भिंत काम करते आहे. कोरडी असतील तर पाणी मागे अडकलं आहे. आणि गढूळ पाणी येत असेल तर मागची माती वाहून चालली आहे: खालचा रस्ता बंद करा, फोटो काढा आणि त्याच संध्याकाळी अभियंत्याला बोलवा.